जुन्या गेम कन्सोलवर लिनक्स टाकायचंय? डिस्ट्रो नंतर, आधी मागचा स्टिकर बघ

प्रश्न असा होता: "दादा, मामाने दुबईहून आणलेला जाडा पीएस थ्री (प्लेस्टेशन ३) घरात पडलाय, चालू होतो. मित्र त्याचा निन्टेंडो स्विच विकतोय नऊ हजाराला. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लिनक्स शिकायचंय. यातल्या कशावर लिनक्स टाकू, कुठलं डिस्ट्रो घेऊ, आणि मशीन बिघडेल का?"

बघ, यातला डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची कुठली तयार आवृत्ती घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे आणि सगळे तोच आधी विचारतात. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, दिवसभर कारखान्यातली मशीनं चालवणारे पीएलसी आणि ड्राइव्ह, आणि २००९ पासून संध्याकाळी घरी कन्सोल उघडत बसतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे जेवढी पोरं आली त्यातली निम्मी डिस्ट्रो डाउनलोड करूनच आली होती, आणि मशीन हातात घेतलं तर त्याच्यावर काही चढणंच शक्य नव्हतं. कारण अडतं ते दारात.

आता दार म्हणजे काय ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सगळं तुझं तुलाच उलगडत जाईल. आमच्याकडे कंपनीत मेन गेटवर पास बघतात, आत शॉपच्या दारात पुन्हा पंचिंग, स्टोअरला तिसरी चावी. कन्सोल चालू होताना अगदी तसंच होतं. चिपच्या आत एक छोटा रॉम असतो, फॅक्टरीत भाजलेला म्हणजे नंतर न बदलणारा प्रोग्रॅम, तो पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो, तो टप्पा त्याच्या पुढच्याची, असं करत करत गेमपर्यंत. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, कंपनीची सही नसते, म्हणून तो गेटवरच अडतो. त्यामुळे कन्सोलवर लिनक्स चालवणाऱ्या माणसांचं नव्वद टक्के काम म्हणजे यातला कुठला वॉचमन नीट तपासत नाही हे शोधणं. आणि इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेव, चूक रॉममध्ये असेल तर ती कायमची राहते, कंपनीला अपडेट पाठवून दुरुस्त करता येत नाही, आणि चूक सॉफ्टवेअरमध्ये असेल तर पुढच्या अपडेटला दार बंद. म्हणून कन्सोल हातात आला की पहिलं काम काय, तर वायफाय बंद आणि अपडेट करायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही. तुझ्या मित्राला आत्ताच फोन करून सांग की विकायच्या आधी "फ्रेश" करून द्यायच्या नादात अपडेट मारू नकोस.

तुझ्या पीएस थ्रीपासून सुरू करू. तू विचारलेल्या दोघींपैकी ही एकच अशी मशीन आहे जिच्यात लिनक्सचं दार कंपनीने स्वतःच ठेवलं होतं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा मेनूमध्ये "इन्स्टॉल अदर ओएस" असा सरळ पर्याय होता, यलो डॉग लिनक्स त्यावर अधिकृतपणे चालायचं. आणि लोकांनी त्याचं सोनं केलं, अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७६० पीएस थ्री जोडून कॉन्डोर नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला २०१० मध्ये. पण २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये तो पर्याय दिला नाही, आणि १ एप्रिल २०१० ला ३.२१ फर्मवेअर (मशीनची आतली सिस्टिम) आलं त्याने जुन्या जाड्या मशीनमधूनही काढून टाकला. अमेरिकेत त्यावर खटला झाला, समझोताही झाला. आणि २०१० च्याच डिसेंबरमध्ये बर्लिनच्या २७सी३ या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या ग्रुपने दाखवून दिलं की पीएस थ्रीच्या सह्यांमध्ये केवढी मोठी चूक आहे. ती चूक मला आजही शिकवायला सगळ्यात आवडते: ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीत प्रत्येक सहीसाठी नवीन रँडम आकडा घ्यावा लागतो, यांनी प्रत्येक वेळी तोच आकडा वापरला होता. मग काय, दोन सह्या घ्यायच्या, दोन समीकरणं मांडायची, अज्ञात काढायचं, दहावीतल्या एकसामयिक समीकरणांसारखं, आणि कंपनीची खाजगी किल्ली हातात. कुलूप भक्कम होतं, पण किल्लीच प्रत्येक पावतीवर छापून जात होती म्हण ना.

तर तुझी मशीन जाडी आहे म्हणजे नशीबवान आहेस. जाडी सगळी मॉडेल आणि स्लिममधली सीईसीएच-२५०० पर्यंतची बहुतेक, यांवर कस्टम फर्मवेअर (लोकांनी बदललेलं फर्मवेअर) बसतं, त्यावरून पेटिटबूट नावाचा लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम टाकून लिनक्स उठतं. ३००० सीरिज आणि सुपर स्लिमवर जे हेन (होमब्रू एनेबलर) म्हणतात ते चालतं, पण त्याला हायपरवायझरचा, म्हणजे सिस्टिमवरही पहारा ठेवणाऱ्या सगळ्यात आतल्या थराचा, ताबा मिळत नाही, त्यामुळे गेमपुरतं ठीक, आपल्या कामाचं नाही. मागचा स्टिकर बघ म्हणतो ते याचसाठी.

पण मशीनची तब्येत आधी. सुरुवातीच्या जाड्या पीएस थ्री दोनशे वॉटच्या आसपास खातात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळीसला पोचलेली असते. उघडून धूळ काढ, थर्मल पेस्ट बदल, ती पंधरा-अठरा वर्षांची वाळून खडू झालेली असते. मी एकदा बुधवारच्या बाजारात घाटावर एक जाडी मशीन घेतली, स्वस्तात, चालूही होती, घरी उघडली तर बोर्डावर ग्राफिक्स चिपच्या भोवती पिवळट डाग. कुणीतरी हीट गनने तापवून तात्पुरती जिवंत केलेली. तीन आठवड्यांत पिवळा लाईट लागला आणि संपली. तुझी घरची आहे, तिचा इतिहास माहितीये, हे फार मोलाचं आहे.

मग फ्लॅशचा डंप, म्हणजे फर्मवेअर ज्या चिपमध्ये असतं तिची पूर्ण कॉपी. २०१७ नंतर हे काम मशीनच्या ब्राउझरमधूनच होतं, सोल्डरिंग लागत नाही. डंप दोनदा घ्यायचा, दोन्ही फाइलींचा एमडी५ (फाइलीचा आकड्यांतला ठसा) काढायचा, जुळला तरच पुढे, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर एक मेलवर. आणि फ्लॅश लिहिताना मशीन इन्व्हर्टरवर हवं, वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि नेमकी त्या दीड मिनिटात गेली तर मशीन मेली, मग क्लिप लावून बाहेरून प्रोग्रॅमरने लिहावं लागतं. बिघडेल का विचारलंस ना, त्याचं खरं उत्तर इथे आहे: लिनक्समुळे कन्सोल बिघडत नाही, डंप न घेता फ्लॅशला हात लावल्याने बिघडतो.

यावर चालेल काय? अपेक्षा नीट ठेव. मेन मेमरी २५६ एमबी, बस. ग्राफिक्सची वेगळी २५६ आहे पण ग्राफिक्सची आरएसएक्स चिप हायपरवायझरच्या मागे, अधिकृत काळातही फक्त फ्रेमबफर, म्हणजे साधं चित्र दाखवण्यापुरती जागा मिळायची, थ्रीडी नाही. एक युक्ती आहे, कर्नलमध्ये पीएस३व्हीरॅम नावाचा ड्रायव्हर आहे, त्याने ती ग्राफिक्सची मेमरी स्वॅप (मेन मेमरी संपली की वापरायची जादा जागा) म्हणून लावता येते, हार्डडिस्कच्या स्वॅपपेक्षा कितीतरी बरी पडते. आजचा ब्राउझर विसर. डेबियन या डिस्ट्रोने जुना पॉवरपीसी (या मशीनच्या प्रोसेसरचं घराणं) २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीपासून अधिकृत यादीतून काढला, ६४ बिटवाला पोर्ट्स नावाच्या अनधिकृत यादीत आहे. पण ज्याला खरंच शिकायचंय त्याच्यासाठी सेल प्रोसेसर म्हणजे एक शाळा आहे: एक मुख्य कोअर आणि हाताशी सहा एसपीई, म्हणजे मदतनीस कोअर, प्रत्येकाकडे फक्त २५६ केबीची स्वतःची मेमरी, कॅश नाही, डेटा हवा तर तूच डीएमएने (थेट मेमरीतून कॉपी करून) ओढायचा, तूच परत ठेवायचा. नवीन जीसीसी कंपायलरमधून या मदतनीस कोअरचा सपोर्ट काढलाय, त्यामुळे जुनीच कंपायलरची साधनं धरून बसावं लागतं, तरी मी म्हणेन एक महिना दे. मेमरी म्हणजे काय हे पुस्तकातून तेवढं कळत नाही.

आता स्विच. यातलं दार रॉममधलं आहे म्हणून मला ही मशीन फार प्रिय आहे. आतली चिप एनव्हिडियाची टेग्रा एक्स१, तिच्यात यूएसबी रिकव्हरी मोड आहे, आरसीएम म्हणतात. त्या मोडमध्ये बाहेरून एक कंट्रोल रिक्वेस्ट पाठवायची आणि लांबी मुद्दाम मोठी सांगायची, ६५,५३५ बाइटपर्यंत, रॉम ती लांबी न तपासता कॉपी करत सुटतो आणि स्टॅकवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामाच्या मेमरीवर, आपला कोड जाऊन बसतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये हे फ्युझे जेले नावाने बाहेर आलं. रॉम बदलता येत नाही म्हणून २०१७ ते २०१८ च्या मध्यापर्यंतचे स्विच कायमचे उघडे. त्यानंतर फॅक्टरीतच दुरुस्ती करून पाठवायला लागले, आणि २०१९ चं नवीन मॉडेल आणि स्विच लाइट यांच्यात चिपच वेगळी, तिथे मॉडचिप (तपासणी चुकवणारी जादा चिप) सोल्डर करावी लागते, ते तू आत्ता करू नकोस.

म्हणून मित्राच्या स्विचचा सिरीयल नंबर बघ, चार्जिंग पोर्टच्या शेजारी असतो. एक्सकेडब्ल्यू (XKW) किंवा एक्सकेजेने (XKJ) सुरू होत असेल तर नवीन मॉडेल, सोडून दे. एक्सएडब्ल्यू (XAW), एक्सएजे (XAJ) असेल तर पुढचे आकडे बघून ठरतं. पण मी नुसत्या नंबरवर पैसे देत नाही, नाशिकमध्ये जे स्विच फिरतात ते सगळे बाहेरून आलेले, बॉडी बदललेली असते, स्टिकर एकाचा बोर्ड दुसऱ्याचा. समोर पेलोड, म्हणजे त्या दारातून आत पाठवायचा आपला छोटा प्रोग्रॅम, टाकून बघायचा. मशीन पूर्ण बंद, उजवा जॉय-कॉन काढ, त्या पट्टीत खाली दहा बारीक पिना दिसतील, शेवटची दहावी पिन ग्राउंडला टेकवायची, मग व्हॉल्यूम अप दाबून ठेवून पॉवर. काय दिसेल? काहीच नाही. स्क्रीन काळीच राहते, लोगो येत नाही, आणि तेच बरोबर आहे, लोगो आला म्हणजे पिन टेकली नाही. मग केबलने लॅपटॉपला लावायचा, लॅपटॉपवर आरसीएम दिसलं की हेकाटे पाठवायचा, हा दुसरी सिस्टिम सुरू करून देणारा पेलोड. हेकाटेचा मेनू उमटला की नऊ हजार दे. आरसीएममध्ये जातो पण पेलोड गिळत नाही, तर तो दुरुस्त केलेला आहे, नमस्कार करून परत ये.

पिन टेकवायला यू-पिन, ॲल्युमिनियम फॉइल असलं काही वापरू नकोस हां. त्या पिना केसासारख्या असतात, एक वाकली की जॉय-कॉन कायमचा डिस्कनेक्ट होत राहतो. जिग म्हणून प्लास्टिकचा छोटा तुकडा मिळतो शे-दोनशे रुपयांत, तोच घे. आणि काळ्या स्क्रीनला फसून मशीन तसंच दप्तरात टाकू नकोस, ते बंद नसतं, आरसीएममध्येच बसून बॅटरी पूर्ण खाऊन टाकतं. पॉवर बारा-पंधरा सेकंद दाबून धर म्हणजे खरोखर बंद होईल.

हेकाटे मिळाल्यावर पहिला बॅकअप, ईएमएमसीचा (आतल्या स्टोरेजचा) पूर्ण, बत्तीस जीबीच्या आसपास जागा लागते, वेळही लागतो, बाजूला अभ्यास कर. मग मायक्रोएसडी कार्डावर पार्टिशन, हेकाटेच्या आतच सोय आहे, लिनक्ससाठी किती ते स्लायडरने ठरवायचं. स्विचरूट टीमचं उबंटू घे, तेच चांगलं सांभाळलंय, एनव्हिडियाचे ड्रायव्हर बसून येतात, डॉकला लावलं की टीव्हीवर डेस्कटॉप. फाइली कार्डावर टाकायच्या, "फ्लॅश लिनक्स" दाबायचं, झालं. चार जीबी रॅम, चार कोअर, जीसीसी, पायथन, व्हीएस कोड सगळं आर्म६४ साठी, म्हणजे या प्रोसेसरसाठी, मिळतं, तुझं डिप्लोमाचं काम आरामात होईल. मूळ सिस्टिमला हात लागत नाही, सगळं कार्डावर, कार्ड काढलं की स्विच पहिल्यासारखा. फक्त दर वेळी मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की पेलोड पुन्हा पाठवावा लागतो, कारण रॉममध्ये आपण काही लिहीत नाही.

कार्डावर पैसे वाचवू नकोस. मी एकदा बाजारातून २५६ जीबीचं "ओरिजिनल" घेतलं, एफ३ हे कार्डाची खरी जागा मोजणारं टूल लावून तपासलं तर खरं ३२ निघालं, आणि गंमत म्हणजे कॉपी होताना एरर येत नाही, जुन्या फाइलींवर नवीन चढत जातात. उबंटू अर्धं उठायचं आणि अडकायचं, मी दोन रात्री कर्नलला दोष देत बसलो होतो. आता कुठलंही कार्ड आलं की आधी एफ३. आणि फॅट३२ ठेव, एक्सफॅटवर यातल्या गोष्टी फाइली खराब करतात हे खूप जणांनी भोगलंय.

तू पीएस फोरचं विचारलं नाहीस पण पुढे विचारशीलच. २०१३ ची मशीन, एएमडीचे आठ कोअर, आठ जीबी, सिस्टिम फ्रीबीएसडीवरून बनवलेली, लोकांना वाटतं पीसीच आहे. पण पीसीसारखा बायोस नाही, यूएसबी-डिस्क सांभाळणारी साउथब्रिज चिप वेगळीच, टायमरपासून सगळ्यासाठी कर्नलला पॅच लागतात, फेलओव्हरफ्लोने २०१५ आणि २०१६ च्या परिषदांमध्ये ते सविस्तर दाखवलंय. इथलं दार सॉफ्टवेअरचं, म्हणून फर्मवेअर नंबर हेच सगळं. ९.०० चं प्रसिद्ध आहे, ११.०० पर्यंतचं २०२४ मध्ये निघालं. फॅट३२ पेनड्राइव्हवर बीझेडइमेज (कर्नल) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या फाइली) ठेवायचं, आधी त्या फर्मवेअरचा एक्स्प्लॉइट, म्हणजे चुकीतून आत शिरणारा कोड, मग लिनक्स लोडर.

इंदिरानगरला एका पोराच्या पीएस फोरवर हे करत होतो, लोडर चालला आणि टीव्हीवर "नो सिग्नल". तो म्हणाला गेलं मशीन, चेहरा पडला बिचाऱ्याचा. मी यूएसबी कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबलं. लाईट लागला. पुन्हा दाबलं, विझला. म्हणजे कर्नल जिवंत आहे, कीबोर्डचा ड्रायव्हर चालू आहे, फक्त चित्र येत नाहीये. मग राउटरच्या पानावर बघितलं, नवीन आयपी आलेला, माझ्या लॅपटॉपवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) केलं आणि आत. डीमेसग, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचली तर एचडीएमआयचा मोड टीव्हीशी जुळत नव्हता, बूटआर्ग्ज या कर्नलला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये १०८० सक्तीने दिल्यावर आला डेस्कटॉप. हे तुला एवढं सांगतोय कारण काळी स्क्रीन बघून ज्याने कॅप्स लॉक दाबायला शिकलं त्याला पुढे सर्व्हरच्या नोकरीतही उपयोग होतो, मी माझ्या कंपनीत एचएमआय (मशीनचा ऑपरेटर स्क्रीन) अडकला की हेच करतो.

घरात कुणाचा जुना निन्टेंडो वी (Wii) कन्सोल पडला असेल तर तो सुरुवातीला सगळ्यात दयाळू. ४.३ फर्मवेअरवर लेटरबॉम्ब नावाची युक्ती, मेसेज बोर्डवर एक पत्र येतं, त्यावर टिचकी, होमब्रू चॅनल (लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारं) बसतं. बूटमी या टूलने नँडचा (आतल्या स्टोरेज चिपचा) बॅकअप घे, चौकोन एकेक भरत जाताना दिसतात, काही फॅक्टरीपासूनच खराब असतात, घाबरायचं नाही. रॅम ८८ एमबी, ७२९ मेगाहर्ट्झ, म्हणजे टर्मिनलपुरतं. पण २०२५ मध्ये एकाने त्यावर मॅक ओएस एक्सची पहिली आवृत्ती उठवून दाखवली, कारण आतला प्रोसेसर जुन्या मॅकच्याच घराण्यातला. पीएस टू तर काय, गल्लीगल्लीत पार्लर होते, तासाला वीस रुपये देऊन आम्ही खेळलोय, तिच्यासाठी २००२ मध्ये कंपनीने स्वतः लिनक्स किट विकलं होतं, कीबोर्ड, माउस, ४० जीबी डिस्कसकट. ३२ एमबीवर आज काही व्हायचं नाही, हौस म्हणून ठीक.

कायद्याचाही विचार करून ठेव. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलंय, संरक्षण तोडून हक्कभंग करायच्या हेतूने काही केलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. हेतूवर भर आहे. स्वतःच्या मशीनवर लिनक्स चालवणं वेगळं आणि गेम उतरवून मित्रांना वाटणं वेगळं, दुसरं माझ्या टेबलावर मी करत नाही आणि करू देत नाही. ऑनलाइन खातं बॅन होऊ शकतं, म्हणून ऑनलाइन खेळायची मशीन या कामाला घ्यायचीच नाही.

नुसतं कोडिंग शिकायचं असेल तर दहा-बारा हजारात कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप मिळतो, तो घे, हे मी प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगतो. कन्सोल घ्यायचा तो बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत आत काय होतं हे बघायला. आणि हे वायाही जात नाही, पहिल्या एक्सबॉक्सवर, ६४ एमबी रॅमवर, पोरांनी हौसेने एक मीडिया प्लेयर लिहिला, एक्सबीएमसी, तोच आज कोडी म्हणून जगभर टीव्हीवर चालतो.

तर आता तू असं कर. पीएस थ्रीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढ, सेटिंगमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनमधला आकडा लिहून घे, अपडेट विचारलं तर नाही म्हण. स्विचवाल्या मित्राला म्हणावं रविवारपर्यंत थांब. रविवारी दुपारी दोघं मशीन घेऊन माझ्याकडे या, जिग आणि इन्व्हर्टर माझ्याकडे आहे, येताना एक वायरवाला यूएसबी कीबोर्ड आण, कॅप्स लॉकचा लाईट असलेला.